नऊ-तीनला नारळ

बारा मॅचेस. नऊ जिंकल्या, तीन हरल्या. आता मला सांगा, या टीमच्या कोचला तुम्ही काय द्याल? पगारवाढ? गेलाबाजार शाल-श्रीफळ?

अमेरिकेतल्या नेब्रास्का युनिव्हर्सिटीने यातलं फक्त श्रीफळ दिलं. म्हणजे नारळ. आणि तोही एकदा नव्हे, दोनदा! २००३ साली फ्रँक सोलिचला आणि २०१४ साली बो पेलिनीला. नारळ मिळाला तेव्हा दोघांचाही त्या सीझनचा हिशोब अगदी सारखा होता: नऊ-तीन.

आता तुम्ही म्हणाल, हे कुठलं फुटबॉल, कुठलं नेब्रास्का, आणि शनिवार सकाळी आमच्या डोक्याला हा ताप कशाला? थांबा जरा. २०२२ ते २०२४ मी ऑनसाइट होतो, नेब्रास्काची राजधानी लिंकनमध्ये. क्लायंट तिथलाच. तिथे राहून तुम्ही बर्फापासून लपू शकता, पण फुटबॉलपासून नाही. (हे फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचं, अंडाकृती चेंडूचं. लाथ फार क्वचित बसते. का ते विचारू नका.)

तर पार्श्वभूमी अशी. नेब्रास्काची लोकसंख्या सुमारे वीस लाख, म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडच्या आसपास. अख्ख्या राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगची एकही टीम नाही. ना एनएफएल, ना बास्केटबॉलची एनबीए. आहे ती एकच गोष्ट, युनिव्हर्सिटीची टीम, 'हस्कर्स'. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये साधारण ८५ हजार माणसं मावतात. मॅचच्या दिवशी हे स्टेडियम लोकसंख्येने राज्यातलं तिसरं मोठं 'शहर' होतं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात, आणि ते खरंही आहे. १९६२ पासून तिथल्या घरच्या मॅचेस हाऊसफुल चालू आहेत. टीम जिंको वा हरो.

आता या वेडाचं मूळ. १९६२ ते ७२ बॉब डेव्हनी नावाचा कोच होता. त्याने १९७० आणि ७१ ला राष्ट्रीय विजेतेपद आणलं. त्याच्यानंतर आले टॉम ऑस्बोर्न. (यांना मी अहो-जाहोच करणार. लिंकनमध्ये तशीच पद्धत आहे.) १९७३ ते १९९७, पंचवीस वर्षं. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. १९९४, ९५ आणि ९७ ला विजेतेपद. एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत! नंतर हेच ऑस्बोर्न अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. जाणार नाहीत तर काय!

मला हे पटकन कळलं, कारण आपल्याकडे मुंबईची रणजी टीम आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा रणजी करंडक. ज्यांनी ते बघितलं त्यांच्या लेखी रणजी जिंकणं हा पराक्रम नव्हेच, ती घरची पद्धत. न जिंकणं ही बातमी. २०१५-१६ ला ४१ वा करंडक आल्यावर ४२ वा यायला मार्च २०२४ उजाडला, तर त्या मधल्या वर्षांत 'मुंबई क्रिकेट संपलं' हे वाक्य किती जणांकडून ऐकलं असेल! फरक एवढाच की रणजी बघायला कोणी जात नाही, आणि लिंकनमध्ये ८५ हजार जण जातात.

तर मंडळी, ऑस्बोर्न गेल्यावर त्यांचाच सहायक सोलिच कोच झाला. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव. २००१ च्या सीझनला तर टीम थेट विजेतेपदाच्या मॅचपर्यंत गेली (आणि मायामीकडून ३७-१४ अशी सडकून हरली). पुढच्या वर्षी ७-७. २००३ ला परत ९-३. कोलोरॅडोला हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी सोलिच घरी. तेव्हाच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचं म्हणणं थोडक्यात असं, की टीम सामान्यपणाकडे घरंगळताना मी बघत बसणार नाही.

पुढे काय झालं? एनएफएलमधून बिल कॅलहनला आणलं. पहिल्याच वर्षी, २००४ ला, ५-६. १९६१ नंतरचा पहिला तोट्यातला सीझन. चार वर्षांत २७-२२, त्यात २००७ ला कॅन्ससकडून ७६ पॉइंट खाल्ले. कॅलहन गेला, त्याच्या आधी तो डायरेक्टरही गेला. मग पेलिनी. सात वर्षांत ६७-२७, दरवर्षी नऊ नाहीतर दहा विजय. त्यालाही नारळ. मग माइक रायली, १९-१९. मग स्कॉट फ्रॉस्ट, १६-३१.

हा आकड्यांचा घसरगुंडी ग्राफ एकदा डोळ्यांसमोर आणा. सामान्यपणाच्या भीतीने सुरू झालेला प्रवास सामान्यपणापाशीसुद्धा थांबला नाही, त्याच्या खाली गेला.

आता इथे "फॅन्स मूर्ख असतात" असं लिहून मोकळं होणं फार सोपं आहे. पण ते खरं नाही. पेलिनीच्या टीमने सातही वर्षं दर सीझनला चार मॅचेस हरायचा जणू नेम धरला होता (शेवटच्या वर्षीची चौथी तो गेल्यावर झाली). आणि त्यातल्या काही अशा हरायचे की बघवत नसे. २०१२ च्या कॉन्फरन्स फायनलला विस्कॉन्सिनने ७०-३१ ने धुतलं होतं. भरपूर पैसे मोजून, थंडीत कुडकुडत बसणाऱ्या माणसाला चिडायचा हक्क आहेच. आणि कोच बदलून नशीब पालटल्याची उदाहरणंही आहेत. अलाबामाने २००६ ला माइक शूलाला काढलं, निक सेबनला आणलं, आणि सेबनने तिथे सहा विजेतेपदं मिळवली. कुठल्याही चिडलेल्या फॅनला विचारा, तो सेबनचंच नाव घेणार. फक्त एक गोष्ट सांगायची राहते. सेबनचं पहिलं वर्ष ७-६ होतं, आणि त्यात लुइझियाना-मन्रोसारख्या लिंबूटिंबू टीमकडून घरच्या मैदानावर हार होती.

आणि मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच आहे. लिंकनमध्ये एका रविवारी पाऊस पडत होता, काही काम नव्हतं, म्हणून ऑस्बोर्न यांच्या सुरुवातीच्या वर्षांचे निकाल काढून बसलो. १९७३: ९-२-१. १९७४: ९-३. १९७५: १०-२. १९७६: ९-३-१. १९७७: ९-३. १९७८: ९-३.

परत वाचा. ज्या निकालावर सोलिच आणि पेलिनीला नारळ मिळाला, तोच निकाल ऑस्बोर्न यांनी पहिल्या सहा वर्षांत तीनदा दिलाय! शिवाय कट्टर वैरी ओक्लाहोमाकडून पहिली पाच वर्षं ओळीने हार. तेव्हाही कुरबुर होतीच. १९७८ नंतर ते स्वतःच कोलोरॅडोला जायच्या विचारात होते. राहिले. आणि पहिलं विजेतेपद कधी आलं? १९९४ ला. म्हणजे बाविसाव्या सीझनला.

म्हणजे बघा, नेब्रास्काच्या लोकांना आठवतात ते १९९५ चे ऑस्बोर्न. १९७७ चे नाही. आपली स्मरणशक्ती फायनल रिलीज लक्षात ठेवते, आधीचे बग विसरते. आणि मग नव्या माणसाच्या व्हर्जन १.० ची तुलना जुन्या माणसाच्या व्हर्जन २२ शी होते. यात कोण जिंकणार?

दुसरं म्हणजे, मधल्या काळात खेळच बदलला होता. पूर्वी कॉलेज फुटबॉलचं टीव्ही प्रक्षेपण एनसीएए ठरवायची, मोजक्याच मॅचेस दिसायच्या. १९८४ ला सुप्रीम कोर्टाने तो एकाधिकार मोडला आणि हळूहळू सगळेच टीव्हीवर आले. स्कॉलरशिपची संख्या कमी होत होत ९० च्या दशकात ८५ वर आली, म्हणजे मोठ्या टीम्सना चांगली पोरं साठवून ठेवणं बंद. नेब्रास्कात स्थानिक खेळाडू मुळात कमी, पोरं टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडातून आणायची. त्यांना आता घराजवळही तेच सगळं मिळायला लागलं. २०११ ला कॉन्फरन्स बदलली, तेव्हा टेक्सासमध्ये दरवर्षी खेळणंही सुटलं. यातलं काहीही कोचच्या हातात नाही. पण काढता येतो तो कोचच. सर्व्हर स्लो झाला की आपण काय करतो? रीस्टार्ट. कारण सापडत नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

आणि इथला रीस्टार्ट फुकट नसतो. ऑस्बोर्न-सोलिचची टीम बॉल घेऊन पळणारी. कॅलहनने पासिंग आणलं. पेलिनी डिफेन्सवाला. रायलीची तऱ्हा वेगळी, फ्रॉस्टची आणखी वेगळी. एका पद्धतीसाठी निवडलेली पोरं दुसऱ्या पद्धतीत खेळणार. अठरा वर्षांचं पोर तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तोवर कोच बदललेला. म्हणजे दर चार वर्षांनी अख्खा कोड नव्या भाषेत लिहायला घ्यायचा, आणि रिलीज मात्र दर शनिवारी.

फ्रॉस्टचा शेवट मी तिथे असताना बघितला. हा तर घरचा पोरगा. नेब्रास्कातच वाढलेला, १९९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक, २०१७ ला सेंट्रल फ्लोरिडाला १३-० करून आलेला. देवाने पाठवल्यासारखा! पण जमलं नाही. २०२१ ला ३-९, आणि नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाने. १० सप्टेंबर २०२२ ला जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ अशी हार झाली, दुसऱ्या दिवशी नारळ. तीन आठवडे थांबले असते तर भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तेवढंही थांबवेना. आणि खरं सांगायचं तर हा नारळ बरोबरच होता. पाचवं वर्ष चालू होतं, वेळ भरपूर मिळाला होता.

सोमवारी ऑफिसात मला वाटलं लोक खुश असतील. क्लायंटकडचे एक साठीच्या घरातले डीबीए आहेत. त्यांची सीझन तिकिटं वडिलांकडून आलेली, आपल्याकडे शेत येतं तशी. ते एवढंच म्हणाले, "सोलिच गेला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या." आणि कॉफी घेऊन गेले. पण माझ्या लक्षात राहिला तो त्यांच्या शेजारी बसणारा पोरगा. जन्म १९९९. म्हणजे ऑस्बोर्न निवृत्त झाल्यावर जन्मलेला. त्याने आयुष्यात एकही विजेतेपद बघितलेलं नाही, तरी दर हरलेल्या शनिवारनंतर सोमवारी त्याचा चेहरा सुतकी. सुवर्णकाळ बापाने उपभोगला, आणि पोराच्या वाट्याला आली फक्त अपेक्षा.

ही गोष्ट मला एवढी का लागली? सांगतो. परत आल्यावर या एप्रिलमध्ये मला एका प्रॉडक्टचा लीड केलं. आधीचा लीड आठ वर्षं होता आणि दंतकथा होऊन गेला. त्याच्या काळात म्हणे प्रॉडक्शनला कधी काही पडलंच नाही. पहिल्या तीन महिन्यांत आमचे दोन रिलीज लांबले आणि मीटिंगमध्ये त्याचं नाव निघालं. मला राग नाही आला. जुने तिकीट उघडून बघितले तर त्याच्या पहिल्या वर्षी पाच रिलीज लांबले होते. मी ते कोणाला दाखवलं नाही, कारण ते त्याच्यावर बोट दाखवल्यासारखं झालं असतं. पण मला त्याने फार धीर आला. तोही कधीतरी नऊ-तीनच होता.

मग किती वेळ द्यायचा? याला फॉर्म्युला नाही, हे मान्य. मिशिगनचा जिम हार्बो २०२० ला २-४ होता. काढला नाही, पगार कापून ठेवला. २०२३ ला त्याने विजेतेपद आणलं. उलट पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिनला काढलं, राष्ट्रीय सेमीफायनल खेळून जेमतेम नऊ महिने झाले असताना. कोण बरोबर, हे आधी कळत नाही. पण नारळ फोडायच्या आधी दोन प्रश्न तरी विचारता येतात. एक, जे बिघडलंय ते या माणसामुळे बिघडलंय का? दोन, आपण याची तुलना कोणाशी करतोय, आणि त्याच्या कितव्या वर्षाशी?

पेन स्टेटची जागा रिकामी झाली तेव्हा नेब्रास्काच्या सध्याच्या कोचचं, मॅट रूलचं, नाव चर्चेत आलं. तो पेन स्टेटचाच माजी विद्यार्थी. त्याचं पहिलं वर्ष ५-७, दुसरं ७-६. ऑक्टोबरच्या शेवटी नेब्रास्काने त्याचा करार २०३२ पर्यंत वाढवला. त्या दिवशी मी लिंकनच्या त्या पोराला मेसेज केला, काय म्हणतोस? त्याचं उत्तर आलं: "थँक गॉड, राहिला."

५८-१९ वाला नको झालेलं गाव ७-६ वाला राहिला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतंय. याला शहाणपण म्हणायचं की थकवा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.