जपानचा फोन आणि आपला जय भीम

जपान म्हटले की आपल्या समाजाला प्रथम आठवतात ते भदन्त सुरई ससाई. जन्माने जपानी असलेले हे भन्ते नागपूरला आले आणि कायमचे आपले झाले. त्याच जपानमधील कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये पूज्य बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. त्याच्या दर्शनाला आमच्या विहारातील काही उपासक-उपासिका मिळून आम्ही जाऊन आलो. तेथील मठ-मंदिरांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हाला सांगायचे आहे ते तेथील लोकांच्या फोनवर बोलण्याच्या रीतीविषयी.

ओसाका शहरातील नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वे निघते. सुमारे दीड तासाने गोकुराकुबाशी हे शेवटचे स्थानक येते आणि तेथून केबल कार डोंगरावर कोयासानला नेते. गाडीच्या डब्यात माणसे पुष्कळ, पण गलका नाही. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, पण त्यावर कोणी बोलत नाही. फोनचा आवाज बंद ठेवा, बोलणे टाळा, अशी सूचना तेथील गाड्यांत दिली जाते. आवाज बंद ठेवण्याला तेथे ‘मॅनर मोड’ असेच नाव आहे. आमच्या समोर बसलेल्या गृहस्थांना फोन आला. त्यांनी तोंडावर हात धरला, ‘गाडीत आहे, नंतर करतो’ एवढेच म्हटले आणि न दिसणाऱ्या माणसापुढे मान लववून फोन बंद केला. आमच्याबरोबर दुभाष्या म्हणून आलेल्या मराठी तरुणाने त्याचा अर्थ सांगितला.

आपल्याकडे लोकलमध्ये लग्नाची यादी आणि उसनवारीचा हिशेब सारा डबा ऐकतो. ट्रंककॉलच्या काळापासून आपल्याला दूरच्या माणसाशी मोठ्याने बोलायची सवय लागली. त्यात आपुलकी असते हे खरे. पण शेजारी रात्रपाळी करून आलेला कामगार डुलकी घेत असतो, त्याची आठवण आपण ठेवत नाही.

हा तरुण तेथील एका कचेरीत नोकरी करतो. त्याने सांगितले की ‘मोशी मोशी’ हे घरगुती बोलणे. कचेरीत फोन उचलला की आधी कंपनीचे नाव सांगायचे आणि मग ‘आपली नेहमीच मदत होते’ अशा अर्थाचे वाक्य म्हणायचे. आम्हाला सर्वांत नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. जपानीत प्रत्येकाच्या नावापुढे आदराने ‘सान’ लावतात. पण बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबाला ‘सान’ लावायचे नाही. साहेब कितीही मोठा असो, ‘तनाका आता जागेवर नाहीत’ असेच सांगायचे. मान समोरच्याला द्यायचा, आपल्या घरच्याला नाही. आपल्या कचेऱ्यांत मात्र फोन करणारा गरजू ताटकळतो आणि आपण ‘साहेब, साहेब’ करीत राहतो.

ईमेलची तीच तऱ्हा. पहिल्या ओळींत समोरच्याची कंपनी, खाते आणि नाव, नावापुढे ‘सान’हून मानाचे ‘सामा’. शेवटी कृपा असू द्यावी अशी विनंती. आपल्याकडे ‘सोबत जोडले आहे’ एवढे लिहिले की काम झाले.

हे पाहून आम्ही भारावलो. सम्यक वाचा म्हणजे खोटे, चहाडीचे, कठोर आणि वायफळ न बोलणे. यातील निदान दोन गोष्टी तरी या लोकांनी रोजच्या सवयीत आणल्या आहेत, असे वाटले.

परंतु बंधुभगिनींनो, गोड बोलणे म्हणजे समता नव्हे. याच जपानमध्ये बुराकू समाज आहे. त्यांचे पूर्वज कातडी कमावणे, मेलेली जनावरे उचलणे अशी कामे करीत, म्हणून त्यांना अपवित्र मानले गेले. १८७१ मध्ये सरकारी आदेशाने भेद रद्द झाला, पण मनातून गेला नाही. मार्च १९२२ मध्ये या समाजाने क्योतोत ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापून मानवी हक्क मागितले. आपला महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी झाला. पुढे १९७५ मध्ये उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या गावांच्या याद्या गुपचूप कंपन्यांना विकल्या जात होत्या. नोकरी मागणाऱ्याचा पत्ता यादीशी ताडून पाहायचा आणि उमेदवाराला गोड भाषेत नकार द्यायचा! आता अशा याद्या इंटरनेटवर येतात. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे बुराकू भेदभावाविरुद्ध कायदा झाला. माहितीच्या नव्या साधनांमुळे या भेदभावाचे स्वरूप बदलत असल्याची नोंद त्या कायद्यातच आहे.

ही कहाणी आपल्याला परकी नाही. भाड्याच्या खोलीसाठी फोन करावा, तर पलीकडून गोड आवाजात विचारणा होते, ‘पूर्ण नाव काय? गाव कोणते?’ आडनाव सांगितले की खोली नुकतीच गेलेली असते. तेथे पत्ता, येथे आडनाव. फोन नवा, प्रश्न जुनाच.

म्हणून जपानकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे नीट समजून घेतले पाहिजे. गाडीत आवाज खाली आणावा, कारण शेजाऱ्याला त्रास होतो. मुलाबाळांना ही शिस्त आजच लावावी. परंतु आपले काही सुशिक्षित बांधव कचेरीत घरचा फोन आला की ‘जय भीम’ ओठातल्या ओठात म्हणतात, ते शेजाऱ्याच्या झोपेसाठी नव्हे, ओळख कळू नये म्हणून. पहिला आवाज करुणेने हळू होतो, दुसरा भीतीने. दोन्ही कानाला सारखेच वाटतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कोयासानला पुतळ्यासमोर आम्ही सर्वांनी जय भीम म्हटले. मोठ्याने नव्हे, पण स्पष्ट. फोनवरही तो तसाच म्हणावा. आणि आपल्याला कोणाचा फोन आला, तर आधी त्याचे काम विचारावे, आडनाव नव्हे.