टोलोलिंगवरचे चौघे

लडाखला निघालेला मराठी प्रवासी दिल्लीत थांबतो तो विमान बदलण्यापुरता. आमच्या गटाने मात्र एक संध्याकाळ इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकासाठी राखून ठेवली होती. २०१९ साली खुल्या झालेल्या या स्मारकातलं ‘त्याग चक्र’ म्हणजे ग्रॅनाइटच्या सोळा भिंती आणि त्यांवर कोरलेली पंचवीस हजारांवर नावं. रोज संध्याकाळी कुणा एका हुतात्म्याच्या घरचं माणूस इथे पुष्पचक्र वाहतं. लोक मोबाइल उंचावून चित्रण करतात, तेही एका अर्थी बरंच.

आम्हाला हवी होती चार नावं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू. चौघेही सहारनपूरजवळच्या सरसावा हवाईतळावरच्या १५२ हेलिकॉप्टर युनिटचे. २८ मे १९९९ रोजी द्रासजवळच्या टोलोलिंगवर त्यांचं एमआय-१७ पाडलं गेलं. कारगिल म्हटलं की विक्रम बत्रा, मनोज पांडे ही नावं आपल्या ओठांवर येतात, हवाई दलाचा विषय निघाला तर अजय आहुजा आणि नचिकेत. हेलिकॉप्टरवाल्यांची आठवण क्वचितच कुणी काढतं. त्यांचं काम मुळात ओझी वाहण्याचं आणि जखमींना उचलून आणण्याचं, म्हणून तसं होत असेल.

श्रीनगरहून द्रास सुमारे १४० किलोमीटर. गांदरबल, कंगन मागे पडलं की सिंध नदी सोबत करू लागते. गगनगीरपासून पुढे २०२५ साली सुरू झालेला साडेसहा किलोमीटरचा बोगदा गाडीला थेट सोनमर्गच्या बाजूला नेऊन सोडतो. बोगद्यात शिरताना आमचा चालक खूश होता आणि बाहेर पडताच गप्प झाला, कारण पुढे झोजिला. साडेतीन हजार मीटर उंचीच्या या घाटात एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला बालटालची दरी. समोरून ट्रकांची रांग आली की कुणी किती मागे सरकायचं याचा निवाडा काचा खाली करून, हातवारे करत होतो. १९४८ च्या नोव्हेंबरात जनरल थिमय्यांनी याच खिंडीतून रणगाडे वर चढवले होते. ते ऐकल्यावर आमच्या इनोव्हाची कुरकुर कुणी मनावर घेतली नाही.

खिंड ओलांडली की हिरवा रंग संपतो. गुमरी, मटायन, पांद्रास करत रस्ता द्रासच्या खोऱ्यात उतरतो आणि युद्धस्मारकाच्या फाटकाशी पोचताच डोंगर समोर उभा ठाकतो. टोलोलिंग छायाचित्रात दिसतो त्यापेक्षा फार जवळ आहे. महामार्ग त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतो म्हणजे काय, हे इथे उभं राहिल्यावरच कळतं. वर बसलेल्या माणसाला खालचा प्रत्येक ट्रक मोजता येत होता आणि त्यावर तोफगोळे पाडून घेता येत होते. लेहची रसद याच रस्त्याने जायची. म्हणून हे शिखर आधी घेणं भाग होतं.

पायदळ चढत होतं, पण वरून होणाऱ्या माऱ्यापुढे आडोसा नव्हता. २६ मे रोजी हवाई दलाची ‘सफेद सागर’ मोहीम सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी दोन लढाऊ विमानं गेली. हल्ल्यासाठी बांधलेली एमआय-३५ हेलिकॉप्टरं होती, पण एवढ्या उंचीवर ती चालत नाहीत. विरळ हवेत पात्यांना पकड मिळत नाही, भार उचलवत नाही. एमआय-१७ तिथवर पोचू शकत होतं. म्हणून एरवी माणसं आणि शिधा वाहणाऱ्या या यंत्राच्या दोन्ही बाजूंना ५७ मिलिमीटर रॉकेटांचे नळकांडे-संच लावले गेले आणि त्याला लढाईत उतरवलं.

२८ तारखेच्या तुकडीचं सांकेतिक नाव ‘नुब्रा’. रॉकेटं डागून झाली, हेलिकॉप्टरं वळून निघाली आणि तेवढ्यात खांद्यावरून डागलेल्या स्टिंगरने पुंडीर यांच्या हेलिकॉप्टरचा वेध घेतला. स्टिंगर इंजिनाच्या उष्णतेमागे धावतं. त्याला चकवायला हवेत जळते फ्लेअर सोडतात. या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडायची यंत्रणाच नव्हती.

शौर्याच्या वर्णनांत ही ओळ सहसा गाळली जाते. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. समोर स्टिंगर आहेत याचा अंदाज असताना, चकवायचं साधन नसताना, मालवाहू हेलिकॉप्टर घेऊन चौघे त्या कड्यावर गेले, हे सगळं एका दमात सांगितलं तरच त्यांच्या धैर्याचं माप कळतं. चौघांनाही मरणोत्तर वायुसेना पदक मिळालं, वैमानिकांना आणि सार्जंटांना एकच. सैन्यातली हुद्द्यांची उतरंड पाहता ही समानता मला फार मोलाची वाटली.

त्यानंतर सशस्त्र एमआय-१७ हल्ल्यांतून काढून घेतली गेली. लढाऊ विमानं क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, अधिक उंचीवरून मारा करू लागली, आणि जूनमध्ये मिराज-२००० ने टायगर हिलवर लेझरने नेम धरणारे बॉम्ब टाकले. टोलोलिंग १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने जिंकलं. हेलिकॉप्टरं मात्र थांबली नव्हती. जखमींना हलवणं आणि रसद पोचवणं यांसाठी त्यांनी दोन हजारांहून अधिक उड्डाणं केली. गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन याच आभाळात चीता उडवत होत्या.

जुलै २०२४ मध्ये विजयाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सरसाव्यात हवाई दलप्रमुखांनी तळावरच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं आणि हुतात्म्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार केला. हवाई कसरतीही झाल्या. त्यात उडालेल्या एमआय-१७ व्ही-५ वर फ्लेअरची सोय आहे.

कारगिलच्या वाटेवर हे सगळं पुन्हा निघालं ते आमच्यातल्या नाशिककर काकांमुळे. सैन्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण नाशिकरोडजवळच्या गांधीनगरात होतं, त्यामुळे ती घरघर त्यांच्या रोजच्या कानावरची. ‘फ्लेअर नव्हते तर पाठवलंच कशाला?’ असं ते म्हणाले, आणि मागच्या सीटवरचे एक निवृत्त सुभेदार उसळले, ‘अहो काका, खाली पोरं मरत होती! तेव्हा यादी बघत बसायचं का?’ काका म्हणाले, बघायचीच, यादी असते कशासाठी. खारबू मागे पडलं, चहाला थांबणं झालं, तरी दोघांपैकी एकही मागे हटला नव्हता.