पाण्याच्या वेळेवर

तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे आणि आजही तो फारसा चुकत नाही. पाणी रोज पाऊणएक तासाने पुढे सरकतं, अमावास्या-पौर्णिमेला उधाणतं, अष्टमीच्या सुमारास भांगावर येऊन शांत होतं. किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करायचा आणि रात्री तंबूत झोपायचं असेल, तर नकाशाच्या आधी पंचांग उघडावं लागतं.

हे पाणी आपल्याला परकं नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीची माणसं समुद्र बघायला लांब जातात, पण समुद्र दिवसातून दोनदा त्यांच्या दाराशी येऊन जातो. ठाणे आणि कळव्याच्या मध्ये लोकल खाडी ओलांडते. १ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याहून कल्याणला पोचली, ती याच खाडीवर पूल घालून. त्या पुलावरून सकाळी जाताना खाली कधी पाणी काठोकाठ भरलेलं असतं, तर कधी नुसता चिखल चकाकत असतो आणि तिवरांची श्वासमुळं उघडी पडलेली असतात. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात, त्यांचं जेवणही ओहोटीच्या वेळेवर. कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी उल्हासचं पाणी चढतं-उतरतं. दोन हजार वर्षांपूर्वी याच पाण्यावरून गलबतं कल्याणला लागत. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचं नाव आहे, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत, आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली ती इथेच. डोंबिवलीच्या रेतीबंदरावर उभं राहिलं की पायाशी जे पाणी हलतं, ते हरिहरेश्वरच्या कातळावर आपटणारंच पाणी आहे. भरतीला आपल्यापर्यंत चढून यायला थोडा उशीर होतो, इतकंच.

शिळफाट्यावरून पनवेल, पुढे पेण, अलिबाग, मुरूड. गाडीत तंबू, सतरंज्या, पाण्याचे कॅन, छोटी शेगडी, तांदूळ-डाळ आणि कोकमं. मुरूडच्या पुढे आगरदांड्याला रस्ता थेट पाण्यात उतरतो आणि संपतो. समोर दिघी दिसत असतं, पण मध्ये राजपुरीची खाडी. तिथून पुढे हेच सुरू होतं. बागमांडला आणि वेश्वीच्या मध्ये सावित्री, दाभोळ आणि धोपाव्याच्या मध्ये वाशिष्ठी, तवसाळ आणि जयगडच्या मध्ये शास्त्री. सह्याद्रीतून निघालेल्या या नद्या लांबीला थोड्या, पण मुखाशी समुद्र त्यांच्या खोऱ्यांत खोल आत शिरलेला. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं आपण शाळेत पाठ केलं. प्रत्येक खाडीच्या काठाने आत जाऊन परत बाहेर यायचं ठरवलं, तर तो आकडा किती तोकडा आहे ते कळतं.

खाडी ओलांडायला गाड्या वाहून नेणारी बोट, जंगलजेट्टी. २००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरी सुरू झाली आणि नंतर एकेका खाडीवर तशाच बोटी आल्या. धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, इंजिनं बंद होतात. बाजारातून परतणाऱ्या बायका पाट्या खाली ठेवून टेकतात, कॉलेजची मुलं कठड्याला रेलतात. पलीकडून बोट सुटलेली दिसते आणि मग ती येईपर्यंत कुणालाच काही करता येत नाही. त्या सक्तीच्या विसाव्यात पहिल्यांदा वारा ऐकू येतो. खारीगोडी एकत्र झालेल्या पाण्याचा वास येतो. शहरातून अंगाला चिकटून आलेली घाई पहिल्या खाडीवर सैल होते आणि चौथ्या खाडीपर्यंत पार गळून पडते. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर आता पूल होणार आहेत. रात्री-अपरात्री रुग्ण घेऊन पलीकडे जावं लागणाऱ्या गावांना ते हवेच आहेत, व्हावेतच. आपण प्रवाशांनी मात्र थांबण्याची ती शिस्त मनाशी जपून ठेवायला हवी, कारण किनारा थांबलेल्या माणसालाच दिसतो.

हरिहरेश्वरला ते अगदी उघड होतं. देवळामागून डोंगराच्या फटीतल्या पायऱ्या उतरल्या की प्रदक्षिणेचा मार्ग समुद्राच्या कडेच्या कातळावरून जातो. ओहोटी असेल तरच ही प्रदक्षिणा होते. भरतीला तिथे पाय ठेवणं जिवावर बेतणारं. देवाला प्रदक्षिणा घालायची तर आधी समुद्राची परवानगी लागते, आणि ती किती रास्त आहे हे त्या कातळाकडे पाहून पटतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा काळा दगड, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. लाटांचं तुषारपाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हाने सुकतं, मागे मीठ राहतं. मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण आतून सुटा करतात. चिमूटभर मीठ आणि अमाप वेळ यांनी हे कोरीवकाम केलं आहे. हात लावला की कडा खरखरीत लागतात, आणि खळग्यात बोट घातलं तर तळाशी ओलावा असतो. काम अजून चालू आहे.

मुक्काम गुहागर तालुक्यातल्या एका लहानशा किनाऱ्यावर. माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र. जवळच वेळणेश्वरला जत्रा भरलेली, रस्ताभर माणसं देवळाकडे चाललेली. साडेचारच्या सुमाराला ओहोटी पुरी होती आणि वाळू दूरवर उघडी पडली होती, सपाट, घट्ट, तंबूला जणू बोलावणारी. गावातल्या एका आजोबांना विचारलं, तंबू कुठे मारावा. ते काही न बोलता वाळूवरून वर चालत गेले आणि एका जागी काठी टेकली. तिथे एक बारीक रेघ होती. वाळलेलं समुद्रशेवाळ, शिंपल्यांचा चुरा, सुरूच्या काड्या, जाळ्याचा निळा धागा. "ही मागच्या उधाणाची," ते म्हणाले. "आज चौदस. साडेदहा-अकराला पूर्ण पाणी. हिच्यावर दहा पावलं जावा, मर्यादवेलीच्या पलीकडं." मर्यादवेलीची जांभळी फुलं तोवर मिटत आली होती. तिची पानं आणि रावणाच्या मिशांचे काटेरी गोळे वाळूला जिथे धरून ठेवतात, तिथपासून जमिनीची हद्द. त्याच्या पलीकडे सुरूच्या सावलीत तंबू उभा राहिला. गाडी आधीच रस्त्याच्या कडेला ठेवलेली होती.

अकराच्या सुमाराला पाणी आलं. अंधार गडद, चंद्र उगवायला पहाट व्हायची होती. आधी नुसता आवाज जवळ आला, मग लाट फुटताना तिच्या कडेला निळसर उजेड धावला. पुन्हा फुटली, पुन्हा उजेड. पाण्यात हात बुडवून ढवळला तर बोटांभोवती ठिणग्या उठल्या आणि विझल्या. नॉक्टिल्युका हा एकपेशी जीव पाणी हललं की असा उजळतो. थंडीच्या महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर तो दिसतो. त्याची संख्या बेसुमार वाढणं पाण्याच्या तब्येतीला चांगलं नसतं, असं अभ्यासक सांगतात. ते ठाऊक असूनही त्या क्षणी हात आपोआप जोडले गेले. लांबून देवळातली घंटा ऐकू येत होती. लाट आजोबांनी दाखवलेल्या रेघेवर आली, जुना शेवाळाचा पट्टा उचलला, थोडा वर सरकवून ठेवला आणि मागे फिरली.

सकाळी अमावास्या. उजाडताना पाणी पुन्हा खाली गेलं होतं आणि धुतलेल्या वाळूवर लक्षावधी गोळ्या पडल्या होत्या, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या. प्रत्येक बिळाभोवती गोळ्यांच्या सरळ ओळी किरणांसारख्या बाहेर निघालेल्या. गुडघे टेकून निश्चल बसलं की मालक बाहेर येतो, करंगळीच्या नखाएवढा खेकडा. चिमट्यांनी वाळू तोंडात घेतो, कणांना चिकटलेलं अन्न काढून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो आणि पाऊलभर पुढे जातो. पुढची भरती हे सगळं पुसून टाकणार. ओहोटी झाली की तो पुन्हा बाहेर येणार. गाडीचं एक चाक इथून गेलं तर अशी शेकडो घरं एका दमात बुजतात. चारचाकी गाड्या वाळूत घालून लाटांचं पाणी उडवण्याचा शौक अलीकडे वाढला आहे. ज्याने तो खेकडा जवळून पाहिला, त्याच्याने ते होणार नाही.

आणि वाळूत खोल आणखी कुणीतरी असतं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येऊन सव्वाशेच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. साधारण पन्नास दिवस वाळूची ऊबच त्या अंड्यांना सांभाळते, आणि त्या उबेवरच पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांसह ही घरटी राखायला सुरुवात केली. जिथे अंडी खणून नेली जात, तिथे आता पहाटे घरट्यावरची टोपली उचलून पिल्लं पाण्याकडे सोडली जातात आणि पाहुणे गावातल्या घरांत उतरतात. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून ती इथे आली होती.

या वर्षी पाण्यात शिरलेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला परततील, त्याला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोवर खाड्यांवर पूल झालेले असतील आणि डोंबिवलीहून इथे पोचायला कमी वेळ लागेल. गाड्या वाढतील, दिवे वाढतील, माणसं वाढतील. मादीला मात्र तेव्हाही तेवढंच लागेल: अंधार, मोकळी वाळू आणि कुणी आडवं न येणं. हे तिला मिळणं आता आपल्या हातात आहे. म्हणून निघताना तिथी बघावी, गाडी रस्त्यावर ठेवावी, गावाला विचारून उधाणाच्या रेघेच्या वर मुक्काम करावा, रात्री दिवे मालवावेत, आणि पायाखालची वाळू आधी तिची आहे असं मानून चालावं.