आला का रे तो गेम?

दर रविवारी सकाळी घरी फोन लावतो. इथली सकाळ म्हणजे साताऱ्यात रात्रीची जेवणं आटपलेली असतात. आधी आई बोलते. तिचे प्रश्न ठरलेले. जेवलास का (सकाळी साडेआठला!), बर्फ पडतोय का, पोरगी मराठी बोलते का. मग फोन बाबांकडे जातो. बाबा दोन वाक्यं हवापाण्यावर खर्च करतात आणि तिसऱ्याला मुद्द्यावर येतात.

"आला का रे तो गेम?"

"नाही अजून."

"काय करतायत काय लेकाचे!"

हा संवाद २०१८ पासून चालू आहे. मधल्या काळात मी नोकरी बदलली, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, अख्खी महामारी येऊन गेली. गेम काही आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, अडतीस वर्षांचा घोडा, नावामागे डॉक्टर लावतो, दिवसभर धातूला तडा कधी जाईल याचा हिशोब करत बसतो, आणि हा व्हिडिओ गेमची वाट बघतोय? बायकोही हेच म्हणते, फक्त कमी शब्दांत. असो. पण आधी गेम कुठला ते सांगतो.

'द एल्डर स्क्रोल्स' नावाची एक मालिका आहे. टॅम्रिएल नावाचा एक काल्पनिक खंड, त्यात राज्यं, राजे, जादूगार, ड्रॅगन, अगदी चांदोबातला मामला. बहुतेक भाग त्या खंडातल्या वेगवेगळ्या मुलखांत घडतात. तुम्ही एक पात्र घ्यायचं आणि त्या मुलखात शिरायचं. एक मुख्य गोष्ट असते, पण ती सोडून दिलीत तरी कोणी ओरडत नाही. जगाचा नाश तोंडावर आलेला असताना तुम्ही खुशाल फुलपाखरं पकडत हिंडू शकता. लांबवर डोंगर दिसला ना, की तिथवर चालत जाता येतं. या खेळाची सगळी मोहिनी या एका गोष्टीत आहे असं माझं मत आहे. तलवारबाजी यथातथाच असते.

पहिला भाग 'अरीना' १९९४ साली आला. मग १९९६ ला 'डॅगरफॉल', २००२ ला 'मॉरोविंड', २००६ ला 'ऑब्लिव्हियन' आणि ११ नोव्हेंबर २०११ ला 'स्कायरिम'. म्हणजे अंतरं दोन, सहा, चार आणि साडेपाच वर्षं. आलेख काढायची खोड असल्यामुळे मी यावरून सहावा भाग २०१६-१७ च्या सुमारास येईल असा अंदाज बांधला होता. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, चार बिंदूंवरून भविष्य वर्तवू नका. ते उगाच नाही सांगत.

'ऑब्लिव्हियन' मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, एका मित्राच्या कॉम्प्युटरवर. त्यात ग्राफिक्स कार्ड नावाला होतं. घोडा एक पाऊल टाकायचा, थांबायचा, आम्ही चहा पिऊन यायचो, मग दुसरं पाऊल. लग्नाचा अल्बम बघितल्यासारखा आम्ही तो गेम खेळलो.

'स्कायरिम'ची गोष्ट वेगळी. तेव्हा मी अमेरिकेत येऊन सव्वा वर्ष झालं होतं. मिडवेस्टमधलं विद्यापीठाचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका, मक्यापलीकडे मका, आणि जमीन अशी सपाट की कोणी इस्त्री फिरवावी. जन्मल्यापासून ज्याच्या खिडकीत अजिंक्यतारा, त्या माणसाला ही सपाटी अंगावर येते हो. पहिल्या हिवाळ्यात मला झोप लागायची नाही आणि त्याचं कारण थंडी आहे असं मी धरून चाललो होतो.

आम्ही तिघं एका घरात राहायचो. गाव सोडून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून जुना एक्सबॉक्स ३६० घेतलेला. गेम साठ डॉलरचा. डॉलर तेव्हा पन्नास रुपयांच्या आसपास, म्हणजे तीन हजार रुपये! मनातल्या मनात गुणाकार करण्याची सवय अजून सुटली नव्हती. तिघांनी वीस-वीस काढले आणि मध्यरात्री दुकान उघडणार म्हणून गुरुवारी रात्री रांगेत जाऊन उभे राहिलो. पुढे दोघेजण शिंगांचं शिरस्त्राण घालून उभे. रॉकेलच्या रांगेनंतर मी इतक्या निष्ठेनं कुठल्याच रांगेत उभा राहिलो नव्हतो.

घरी येऊन चकती घातली. सुरुवातीची मारामारी, पळापळ आटपली आणि गुहेतून बाहेर आलो, तर समोर डोंगर. बर्फाचे, कातळाचे, धुक्यातले, एकामागे एक. आमच्यातला एक जण बटणं दाबायचीच विसरला. त्या हिवाळ्यात माझे प्रयोग धडाधड फसत होते, गाईडशी बोलायची भीती वाटायची, आणि मी रात्री बारा ते एक 'स्कायरिम'मध्ये चढण चढायचो. बास. राक्षस वगैरे रूममेट मारत.

आता बाबा यात कसे आले ते सांगतो.

२०१८ च्या मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा इकडे आले. बाबा जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सगळी नोकरी रस्ते, मोऱ्या आणि छोटे पूल यांत गेली. सुट्टीच्या दिवशी सज्जनगड नाहीतर जरंडेश्वर. अशा माणसाला अमेरिकन उपनगरात आणून ठेवलं. चालत जावं असं एकही ठिकाण नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या कॉलनीचे फूटपाथ तपासले, दुसऱ्या आठवड्यात गप्प झाले. एका संध्याकाळी मी जुना 'स्कायरिम' लावून बसलो होतो. बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता व्याख्यान.

"थांब. मागे घे. तो रस्ता दाखव."

मी वळलो. जुना फरसबंदी रस्ता, नदीच्या कडेकडेनं जाणारा.

"साईडपट्टी नाही. गटार नाही. पहिल्या पावसात वाहून जाईल."

"इथे बर्फ पडतो, बाबा."

"आणि वितळल्यावर कुठं जातो?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमची पाहणी सुरू झाली. बाबांना ड्रॅगनमध्ये रस नव्हता. ड्रॅगन आला की म्हणायचे, "याला आटप लवकर." त्यांना बघायचे असायचे पूल, धरणं, किल्ल्यांचे दरवाजे, आणि कुठला डोंगर कुठून चढता येतो ते. खेळात आयव्हरस्टेड म्हणून एक खेडं आहे. तिथला पूल ओलांडला की पर्वतावरच्या मठाकडे जाणारी वाट लागते, तिला म्हणतात सात हजार पायऱ्या. बाबांनी पायऱ्या मोजायला घेतल्या. तीनशेच्या आसपास वाटेत एक पांढरं केसाळ धूड आडवं आलं, त्यानं मला ठार केलं आणि मोजणी चुकली. नंतर मी शोधलं तर हौशी लोकांनी त्या आधीच मोजलेल्या. हजारसुद्धा भरत नाहीत.

"बाकीच्या कंत्राटदारानं खाल्ल्या," बाबा शांतपणे म्हणाले.

त्या खेड्यात एक माणूस भेटतो. वरच्या मठात शिधा पोचवायचं त्याचं काम, पण पाय आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत, म्हणून तो ती पिशवी तुमच्याकडे देऊ बघतो. मी हे काम कधी घेतलं नव्हतं, कारण त्यातून मिळत फारसं काही नाही. बाबांनी घ्यायला लावलं. "जातोच आहेस ना वर? मग त्याचं घेऊन जा." त्यांचे स्वतःचे गुडघे तेव्हा नुकते कुरकुरायला लागले होते. हे मला फार नंतर सुचलं.

१० जून २०१८, रविवार. लॉस एंजेलिसला ई-थ्री नावाचं गेम्सचं मोठं प्रदर्शन भरायचं (आता ते बंद झालं), त्यात बेथेस्डा कंपनीचा कार्यक्रम. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ. बाबा सोफ्यावर, शेजारी मी. कार्यक्रमाच्या अगदी शेवटी पडद्यावर डोंगर आले, ढगांच्या खालून कॅमेरा सरकला, ओळखीचं संगीत वाजलं आणि नाव उमटलं: 'द एल्डर स्क्रोल्स ६'. छत्तीस सेकंद. संपलं. मी उभा राहून ओरडलो, आई स्वयंपाकघरातून धावत आली.

बाबा म्हणाले, "नवीन मुलूख दिसतोय. खडक वेगळा आहे." आणि मग, "कधी येणार?"

मी म्हटलं, दोनतीन वर्षांत. (आलेख, आलेख!)

ऑक्टोबरात ते परत गेले. विमानतळावर सामान तपासताना बाबा म्हणाले, "आला की सांग. व्हिसा दहा वर्षांचा आहे."

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण फारसं काही झालंच नाही. कंपनीनं आधी 'स्टारफील्ड' नावाचा अंतराळातला गेम करायला घेतला होता, तो सप्टेंबर २०२३ मध्ये आला. सहाव्या भागाचं खरं काम त्या सुमारास सुरू झालं. म्हणजे २०१८ साली आम्ही पाहिली ती फक्त पाटी, 'येथे इमारत होणार आहे' अशी. 'स्कायरिम' मात्र मधल्या काळात पुन्हापुन्हा नव्या वेष्टनात येत राहिला: २०१६ ला, २०१७ ला, २०२१ ला. एप्रिल २०२५ मध्ये तर 'ऑब्लिव्हियन'च नव्यानं रंगवून आणला. मी उत्साहानं बाबांना सांगितलं. "हा तो नव्हे ना?" "नाही, जुनाच. डागडुजी करून." "मग राहू दे."

इंजिनिअर म्हणून मला त्या लोकांचा राग येत नाही. 'स्कायरिम' साधारण शंभर माणसांनी केला. पुढे माणसं कितीतरी पटींनी वाढली, आणि माणसं वाढली की बैठका वाढतात हे मी स्वतः भोगतो आहे. प्रत्येक झोपडीत कोणीतरी हातानं मडकं ठेवायचं असतं. आमचाही एक अहवाल तीन वर्षं 'पुढच्या तिमाहीत' आहे. राग येतो तो पाटी आधी लावण्याचा. बाबांच्या खात्यात म्हणे नियम होता, खडी आल्याशिवाय नारळ फोडायचा नाही. पाळला किती जायचा कोण जाणे.

जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात मायक्रोसॉफ्टचा एक खटला चालू होता. (बेथेस्डाची मालकी २०२१ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे.) त्यात फिल स्पेन्सर यांनी साक्ष देताना सांगितलं की हा गेम यायला अजून पाच किंवा अधिक वर्षं लागतील. मी बाबांना हे सांगायचं टाळत होतो, पण रविवारी प्रश्न आलाच. बाबांनी फोनवर बेरीज केली. "तेवीस आणि पाच अठ्ठावीस. माझा व्हिसाही अठ्ठावीसपर्यंत आहे." 'किंवा अधिक' हे शब्द मी भाषांतरात गाळले होते.

व्हिसाचं खरं तर काही नाही. त्यांना येणं जमलं नाही तर मशीन उचलून मी साताऱ्याला जाईन. पण २०२२ मध्ये बाबांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची. त्यांना नाकासमोरचं चांगलं दिसतं, कडेचं गेलं. जिना उतरताना आई हात धरते. स्कूटर विकली. सज्जनगडाला गाडीनं वरपर्यंत जाऊन उरलेल्या पायऱ्यांपाशी बसून राहतात, असं आईनं सांगितलं. बाबांनी नाही सांगितलं.

म्हणून मी ती छत्तीस सेकंदं अजून अधूनमधून लावतो आणि त्या खडकांत रस्ता शोधतो.

मी त्यांना शर्ली करी या अमेरिकन आजीबाईंची गोष्ट सांगितली होती. १९३६ चा जन्म. आपण 'स्कायरिम' खेळतानाचे व्हिडिओ टाकून त्या जगभर नावाजल्या, आणि चाहत्यांनी मागणी केल्यावर सहाव्या भागात त्यांच्या नावाचं पात्र घालायचं असं २०१९ मध्ये जाहीर झालं. बाबा खूश झाले. "म्हणजे मी एकटाच म्हातारा वाट बघत नाहीये." आणि जरा थांबून, "त्यांना म्हणावं, बाईंसाठी तरी हात चालवा."

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही एक नवीन युक्ती काढली आहे. रविवारच्या फोनमध्ये मी माझा पडदा त्यांना दाखवतो आणि जुन्याच 'स्कायरिम'मध्ये चालतो. आईनं त्यांच्यासाठी टॅबलेट स्टँडवर लावून ठेवलाय, बरोब्बर नाकासमोर. कॅमेरा मी सावकाश फिरवतो. गरकन वळलो तर ओरडा बसतो. मुलगी माझ्या मांडीवर बसून "आजोबा, कोल्हा!" म्हणून सांगते. कोल्हा कडेनं पळालेला असतो, त्यांना दिसलेला नसतो. "कुठल्या बाजूला गेला?" असं ते विचारतात, आणि आम्ही त्या बाजूला जातो.

परवा रिफ्टन शहराच्या वेशीपर्यंत पोचलो. तो भाग बारमाही शरद ऋतूतला, सगळी झाडं पिवळी. वेळ संपत आली होती म्हणून मी म्हटलं, पुढच्या रविवारी आत जाऊ, शहराच्या मधून कालवा आहे.

"कालवा? पाणी कुठून घेतलंय?"

"शेजारी तलाव आहे मोठा."

"तलावाची पातळी वर का कालव्याची?"

मला सांगता येईना. रविवारच्या आत बघून ठेवायला हवं.