वाऱ्यावरचा भोपळा

भोपळ्यावर आमच्या मराठी भाषेनें जितका अन्याय केला आहे तितका दुसऱ्या कोणत्याहि फळावर केला नसेल. परीक्षेंत कांहींच पदरांत पडलें नाहीं म्हणजे विद्यार्थ्याला भोपळा मिळतो. दोघांचें मुळींच पटत नसलें म्हणजे त्यांचें विळ्याभोपळ्याएवढें सख्य असतें. आणि माणसाचा भ्रम नाहींसा व्हावयाचा तोहि भोपळ्यासारखा फुटूनच. आंबा फळांचा राजा झाला, नारळाला श्रीफळ ही पदवी मिळाली, केळीचा खांब मंगलकार्याच्या दारीं उभा राहिला. भोपळ्याच्या वांट्याला मात्र शून्याचा आकार तेवढा आला. त्याची बाजू घेणारी एकच गोष्ट आमच्याकडे आहे, आणि ती मुलांची आहे. रानांतल्या वाघाकोल्ह्यांना चुकवून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी भोपळ्यांत बसूनच सुखरूप घरीं पोंचते. अलीकडे आम्हांलाहि त्या म्हातारीप्रमाणें भोपळ्याचा आश्रय करावा लागला, म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनींत अडथळा आढळला. हृद्रोगतज्ज्ञांनीं तींत तारेच्या जाळीची एक बारीक नळी बसविली, चौथ्या दिवशीं आम्हांला घरीं पाठविलें, आणि निघतांना हातांत एक छापील कागद दिला. त्या कागदावर तळलेल्या पदार्थांच्या नांवांवर लाल रेघ होती. औषधांची चिठ्ठी आम्हीं सांभाळावी व हा कागद गृहिणीनें सांभाळावा, अशी वांटणी कोणी न सांगतांच झाली. आप्तेष्टांना वाटलें कीं पथ्य आमचें सुरू झालें. वस्तुतः तें तिचें सुरू झालें. आम्हांला चार पदार्थ सोडावयाचे होते. तिला एक विद्या सोडावयाची होती.

विद्या हा शब्द आम्ही तोलून वापरीत आहों. भोपळ्याचे घारगे हा तिच्या हातचा नामांकित पदार्थ. लाल भोपळा किसावा, गुळांत शिजवावा, त्यांत मावेल तेवढेंच पीठ घालावें आणि पानावर थापून तेलांत सोडावें, इतकें कोणत्याहि पाकपुस्तकांत छापलेलें असतें. परंतु 'मावेल तेवढें' म्हणजे किती, हें ज्या बोटांना कळतें तीं बोटें पुस्तकांत नसतात. भोपळा कधीं पाणचट निघतो, कधीं पिठूळ; गूळहि दर खेपेस सारखा नसतो. घारगा कढईंत फुगूं लागला म्हणजे तो कोणत्या क्षणीं उलटावयाचा, हें डोळ्यांपेक्षां तेलाच्या आवाजावरून अधिक कळतें. ही समज तिला तिच्या आईकडून मिळाली, व तिच्या आईला तिच्या सासूकडून. तो कागद घरांत आला त्या दिवशीं मोठी कढई माळ्यावर गेली. "तुम्हीं खायचे नाहींत आणि आम्हीं तुमच्यासमोर बसून खायचे, हें कसें व्हावें?" एवढेंच ती म्हणाली. त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें कित्येक महिने आमच्या स्वयंपाकघरांत सर्व कांहीं उकडलेलें, वाफवलेलें व निमूट असे.

आमची मुलगी परगांवीं नोकरी करते. तिनें ही हकीकत फोनवरून ऐकली आणि एक यंत्र पाठवून दिलें. पाण्याच्या कळशीएवढें, काळेंभोर, पुढें मूठ असलेलें हें यंत्र म्हणजेच हल्लीं घरोघरीं दिसूं लागलेला एअर फ्रायर. त्याबरोबर आलेल्या पुस्तिकेंत 'सीझन्ड विंटर स्क्वॉश' या नांवाखालीं मसाला लावलेल्या नारिंगी फोडींचें एक देखणें चित्र होतें. इंग्रजी शिकविण्यांत आमचीं पंचवीसांहून अधिक वर्षें गेलीं. तेव्हां पदार्थाच्या आधीं शब्दाकडे लक्ष जाणें ओघानेंच आलें. विंटर स्क्वॉश म्हणजे हिवाळ्यांत पिकणारा भोपळा नव्हे. त्याचा वेल उन्हाळ्यांत वाढतो, फळ शरद्ऋतूंत उतरवितात, आणि जाड सालीच्या बळावर तें सबंध हिवाळा टिकतें, म्हणून तें नांव. 'स्क्वॉश' हा शब्द तर मूळचा इंग्रजीहि नव्हे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नॅरागॅन्सेट लोकांच्या भाषेंतून तो इंग्रजींत आला; रॉजर विल्यम्स यानें १६४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्या भाषेवरील पुस्तकांत तो नोंदलेला आहे. मूळ शब्दाचा अर्थ 'कच्चेंच खावयाचें' असा आहे. कच्चें खावयाच्या फळाचें नांव घेऊन जग तें २०० अंशांवर भाजीत बसलें आहे, ही भाषेची गंमत होय.

गृहिणीनें चित्र पाहिलें आणि ती म्हणाली, "अहो, हा तर आपला लाल भोपळाच कीं!" वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेंहि तिचें म्हणणें बरोबर आहे. चित्रांतला बटरनट स्क्वॉश आणि आमच्या मंडईंतला लाल भोपळा हे एकाच कुळांतले, बहुधा एकाच जातीचे. या कुळाचें माहेर अमेरिका खंड. मेक्सिकोंतील ओआहाका प्रांतांतल्या गिला नाकित्स नांवाच्या गुहेंत सांपडलेल्या, लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सुमारें १०,००० वर्षांपूर्वींच्या आहेत, असें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. आमच्याकडे हें फळ १४९२ नंतरच्या दर्यावर्दी काळांत आलें. त्यापूर्वींचा आमचा भोपळा म्हणजे दुध्या, किंवा ज्याचा तंबोरा होतो तो कडू भोपळा. नव्या पाहुण्याला आम्हीं जुनें नांव दिलें. आणि कांहीं पिढ्यांत तो इतका घरचा झाला कीं कोंकणांत पावसाळ्याची बेगमी म्हणून तो आढ्याला टांगूं लागले, आणि कित्येक घरीं तो उपवासालाहि चालूं लागला.

आतां यंत्राविषयीं. डच कंपनी फिलिप्स हिनें २०१० सालीं बर्लिन येथील प्रदर्शनांत असें यंत्र प्रथम मांडलें, आणि त्यानंतर तें जगभर पसरलें. त्याची रचना सोपी आहे. वरच्या अंगाला विजेनें तापणारी तार, तिच्यावर एक पंखा, आणि खालीं भोंकें असलेली टोपली. तापलेली हवा पंख्यानें वेगानें फिरते व टोपलींतल्या पदार्थाला सर्व बाजूंनीं झोडपते. तेलाच्या मानानें हवा उष्णता फार थोडी वाहून नेते. म्हणून ती स्थिर ठेवून चालत नाहीं, सारखी वाहती ठेवावी लागते. थोडक्यांत, ही एक लहान, चपळ भट्टी आहे. परंतु भट्टी म्हणून ती विकली तर कोण घेणार? म्हणून तिला 'तळणारी' असें नांव दिलें, आणि तेलाशिवाय तळण्याचें आश्वासन तिच्या कपाळीं चिकटविलें. आमच्या मतें सारी अडचण येथें आहे.

आमच्या घरीं अशी जुनी रीत आहे कीं अखंड भोपळ्यावर पहिला वार बाईनें करूं नये. घरांतल्या पुरुषानें तो फोडून द्यावा आणि स्वयंपाकघराबाहेर जावें. त्या दिवशीं आम्हीं सुरी चालविली, पण बाहेर गेलों नाहीं. पुस्तिकेंतल्या शब्दाबरहुकूम प्रयोग झाला. पातळ फोडी, वरून कोरडा मसाला, तेलाचा थेंब नाहीं, २०० अंश, १५ मिनिटें. फोडी बाहेर आल्या त्या चामड्यासारख्या. तिखट जळून कडू झालें होतें, आणि सवयीनें पेरलेले जिऱ्याचे दाणे वाऱ्यानें उडून टोपलीच्या तळाशीं जमले होते. आम्ही यंत्र परत पाठविण्याच्या गोष्टी बोलूं लागलों. गृहिणी मात्र एक फोड बोटांत धरून बराच वेळ दाबून पाहत होती. शेवटीं म्हणाली, "अहो, याला तळणारें म्हणतात तेंच चुकीचें आहे. हें तळणें नव्हे, हें भाजणें आहे. भाजायचें म्हणजे रीत निराळी."

दुसऱ्या दिवसापासून पुस्तिका कपाटांत गेली व यंत्र तिच्या शिस्तींत आलें. ती फोडी बोटाच्या जाडीच्या करते. साल ठेवते, म्हणजे फोड मोडत नाहीं, आणि भाजल्यावर ती सुखानें निघते. हळद, धनेजिऱ्याची पूड, चुरडलेला ओवा व तिखट हीं एक चमचा तेलांत कालवून ती फोडींना चोळते. तेलांत भिजलेला मसाला जागचा हलत नाहीं व कोरड्यासारखा लवकर करपत नाहीं. मीठ आधीं लावून ठेवीत नाहीं, कारण मिठानें फोडींना पाणी सुटतें व त्या भाजण्याऐवजीं वाफेंत शिजतात. तें टोपलींत घालण्याच्या क्षणींच लागतें. फोडी एकमेकींवर रचीत नाहीं. वाऱ्याला वाट पाहिजे. अंश २०० नव्हे, १८०. आणि अर्ध्या वेळानंतर एकदां उलटणें. लसूण व मोहरी यांना त्या टोपलींत प्रवेशच नाहीं. लसूण जळतो, आणि मोहरी तडतडावयाची ती तेलांतच. म्हणून फोडी ताटांत आल्यावर ती लोखंडी पळींत एक चमचा तेल तापविते, मोहरी, हिंग व कढीलिंब यांची फोडणी करते आणि ती चार जणांच्या फोडींवर थेंबथेंब फिरविते. एवढ्या तेलाला डॉक्टरांचीहि हरकत नाहीं. शिवाय भोपळ्याला रंग देणारें जें केरोटीन, तें थोड्या स्निग्धतेच्या संगतींतच शरीराला नीट लागतें; तेव्हां तिच्या चमच्याला शास्त्राचा आधार आहे.

भाजलेल्या फोडीची चव उकडलेल्या फोडीहून इतकी निराळी कां, याचें कारण पाण्यांत आहे. भोपळ्यांत दहांत नऊ भाग पाणी. उकडतांना तें पाणी १०० अंशांच्या वर जाऊं देत नाहीं. त्यामुळें फोड मऊ होते, पण तिचा रंग व गंध पालटत नाहीं. भाजतांना वरचा थर कोरडा पडतो, आणि मगच त्याची उष्णता वाढूं शकते. सुमारें १४० अंशांपुढें फळांतली साखर व प्रथिनांचे घटक यांचा जो संयोग वेगानें होतो, आणि ज्याचें वर्णन मायार या फ्रेंच रसायनज्ञानें १९१२ सालीं केलें, त्यांतून तो तांबूस रंग व खरपूस वास उपजतो. आंत मात्र पाणी शिल्लक असतें, म्हणून फोड आंतून मऊ राहते. निखाऱ्यांत पुरलेल्या रताळ्याचें, चुलीवरच्या वांग्याचें व शेतांतल्या हुरड्याचें रहस्य हेंच. म्हणजे ज्या यंत्राला आम्ही कढईचा परदेशी भाऊ समजत होतों तो निघाला चुलींतल्या आराचा आप्त. हें नातें कळल्यावर भोपळ्याचें भरीत आपोआपच सुचलें. भाजलेला गर, दही, मिरची, वरून तीच पळीभर फोडणी. उकडलेल्या भोपळ्याच्या भरिताला तो धुराच्या जवळपासचा वास कधींच येत नसे.

कोणी म्हणेल कीं जाड तव्यावर झांकण ठेवून हेंच साधलें असतें. खरें आहे, बरेंचसें साधलें असतें. यंत्राचा महिमा गावा असा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें आहे तें नांवाविषयीं. पथ्य पाळणाऱ्या माणसाला सगळे जण बदली पदार्थ देऊं करतात: साखरेशिवाय गोड, तेलाशिवाय तळलेलें, मिठाशिवाय खारट. अशा पदार्थाचा प्रत्येक घांस मूळ पदार्थाची उणीव सांगतो, आणि खाणारा जेवणाच्या पाटावर बसून सुतक पाळतो. तीच फोड 'तळलेली' म्हणून ताटांत आली तेव्हां ती हलकी नक्कल होती; 'भाजलेली' म्हणून आली तेव्हां ती स्वतःच्या मानानें आली. पाणिनीनें 'पथ्य' हा शब्द 'वाटेपासून न ढळलेलें' या अर्थीं साधला आहे. त्यांत निषेध कोठेंच नाहीं. आहे ती वाट. वाट वैद्य दाखवितो. परंतु तिच्यावर शिदोरी कसली बांधावी हें त्याच्या छापील कागदावर नसतें, तें ज्याला पदार्थांची जात ओळखतां येते त्यानें ठरवावयाचें असतें. आमच्या घरांत तें ओळखणारें माणूस कित्येक महिने हात बांधून बसलें होतें. त्याचे हात पुन्हां चालूं लागले, हा आम्हांला त्या नळीइतकाच मोठा उपचार वाटतो.

मोठी कढई अद्याप माळ्यावरच असते. दिवाळींत मुलगी घरीं येते तेव्हां ती एकदां खालीं उतरते, आणि डॉक्टरांच्या संमतीनें आमच्या पानांत एक घारगा पडतो. घारगा वाऱ्यावर करून पाहावा असें गृहिणीच्या मनांतहि येत नाहीं. ओलें पीठ तेथें फुगणार नाहीं हें तर आहेच. पण कढईची विद्या कढईपाशींच शिकावयाची असते. यंदा मुलगी तिच्या शेजारीं बसली होती. आईनें झारा तिच्या हातीं दिला आणि सांगितलें, "बघूं नकोस, ऐक." पहिले दोन घारगे लवकर उलटले गेले. तिसरा बरोबर फुगला.