तिसरा गिअर

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातून लॉस एंजेलिसकडे जाणारा हमरस्ता ग्रेपव्हाइन नावाच्या वस्तीपाशी एकाएकी डोंगर चढू लागतो. सपाटीवरून नाकासमोर चालत आलेली वाहने येथे प्रथमच आपापल्या पोटातली ताकद चाचपतात. चढ शंभरास सहा असा, लांबी पाच मैलांच्या आसपास, आणि पुढे तेजोन खिंडीचा माथा ४१४४ फुटांवर. उन्हाळ्यात गाडीतले वातानुकूलन बंद करा, असे सांगणाऱ्या पाट्या रस्त्याच्या कडेला आहेत. रेडिएटरसाठी पाण्याचीही सोय आहे. फ्रेस्नो येथे राहणारे गणिताचे एक निवृत्त मराठी प्राध्यापक १९६९ पासून हा चढ एकाच मोटारीने चढत आले. मोटार फोक्सवॅगनची, बीटल या नावाने जगभर ओळखली जाणारी, १९६१ सालची. विद्यार्थिदशेत त्यांनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली होती. पाण्यावर थंड होणाऱ्या भारी गाड्या कडेला उभ्या राहून वाफ सोडत असताना ही मात्र मागच्या बाजूने शिवणयंत्रासारखा आवाज करीत, ताशी चाळीसेक मैलांनी, तिसऱ्या गिअरमध्ये वर चढत राही. हवा उकळत नाही आणि गोठतही नाही, हा या गाडीचा जुना अभिमान.

तिसऱ्या गिअरवरून प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी यांच्यात जवळजवळ पंचेचाळीस वर्षे एक वाद चालला होता. त्या १९७२ मध्ये सांगलीहून अमेरिकेत आल्या आणि याच गाडीवर मोटार चालवायला शिकल्या. चढाच्या प्रारंभीच्या वळणापाशी, इंजिनाने अजून कोणतीही कुरकूर केलेली नसताना, त्या गिअर खाली आणत. प्राध्यापकांचा हिशेब निराळा होता. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी, फेरे कमी म्हणजे झीज कमी. म्हणून इंजिन अगदी रडकुंडीला येईपर्यंत ते गिअर बदलत नसत. बाई म्हणत, "गाडीनं मागण्याआधी द्यावं." या वाक्यात मोटारीपेक्षा अधिक काही आहे हे प्राध्यापकांना कळत असावे; पण त्यांनी त्याचे उत्तर नेहमी आकड्यांतच दिले. बाई २०१९ मध्ये गेल्या.

त्यानंतरही गाडी चालत होती, परंतु रस्ता बदलला होता. मंदगती ही गाडीच्या ठायी असते, असा एक समज आहे. तो पूर्णांशाने खरा नाही. १९७४ मध्ये अमेरिकेने इंधनटंचाईपायी देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. ताशी ७२ मैलांपर्यंत पोहोचू शकणारी ही लहानशी गाडी त्या वर्षांत कोणाच्याही मागे नव्हती. १९८७ मध्ये मर्यादा सैल झाली, १९९५ मध्ये तो केंद्रीय कायदाच रद्द झाला, आणि गाडीचा एक खिळाही न बदलता ती मंद ठरली. काही जुन्या लेखकांच्या बाबतीत असेच घडते; त्यांची लय तीच असते, वाचकाचा श्वास तेवढा तोकडा झालेला असतो. मात्र लेखकाच्या पाठीवर मालट्रक येऊन आदळण्याचा संभव नसतो, आणि येथे तो होता. एका हिवाळी संध्याकाळी चढावर मागून आलेल्या ट्रकला या गाडीचे सहा व्होल्टचे मिणमिणते मागले दिवे फार उशिरा दिसले. त्याने कर्णा वाजवीत, अंगावरून गेल्यासारखी, बाजूची मार्गिका पकडली. शेजारी बसलेली मुलगी घरी पोहोचेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, एक तर गाडीत दुसरं इंजिन बसवा, नाहीतर ही गाडी हमरस्त्यावर काढू नका. दोन्हीतलं एक मला आज सांगा."

प्राध्यापकांना उत्तर देणे जड गेले, याचे कारण निव्वळ जिव्हाळा नव्हे. गाडीची मंदगती हा दोष नसून रचनाकाराचा निर्णय आहे, अशी त्यांची धारणा होती, आणि ती निराधार नव्हती. १९३४ मध्ये नाझी राजवटीने फर्डिनांड पोर्शे यांच्यापुढे ज्या अटी ठेवल्या त्यांत गाडीने ताशी शंभर किलोमीटर वेग सतत राखावा, शंभर किलोमीटरला सात लिटरच्या आसपास इंधन खावे आणि किंमत हजार मार्कांच्या आत असावी, अशा अपेक्षा होत्या. (त्या राजवटीत तीन लाखांहून अधिक लोकांनी हप्त्याहप्त्याने पैसे भरले, गाडी एकालाही मिळाली नाही. कारखाना युद्धसाहित्याकडे वळला आणि तेथे वेठबिगारांना राबविले गेले. या गोंडस गाडीच्या कुळकथेत हे पान आहे, आणि ते फाडून टाकण्याचा अधिकार कोणत्याही प्रेमिकाला नाही.) त्या अपेक्षांतून घडलेले इंजिन मुद्दाम अर्धपोटी ठेवलेले आहे. एकच लहान कार्ब्युरेटर, त्यापुढे लांब आणि अरुंद नळी. कितीही पाय दाबला तरी आत येणारा श्वास मोजकाच. त्यामुळे १९६१ च्या ११९२ घनसेंटिमीटर इंजिनातून ३६०० फेऱ्यांना ३४ अश्वशक्तीच निघते. पण दिवसभर पूर्ण दाबून चालविले तरी त्याला धाप लागत नाही. या गाडीचा कमाल वेग आणि प्रवासाचा वेग एकच, असे जे म्हणत त्याचा अर्थ हा.

परंतु मूळ रचनेच्या पावित्र्याचा हा युक्तिवाद फार दूर नेता येत नाही. पोर्शे यांचे चिरंजीव फेरी यांनी १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड या गावी पोर्शे नावाची पहिली मोटार बांधली, तिच्या पोटात फोक्सवॅगनचेच ११३१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते, शक्ती वाढविलेले. म्हणजे पित्याने घातलेला संयम पहिल्या प्रथम घरातच मोडला गेला. पुढे जर्मनीत ओटिंगर यांनी दोन कार्ब्युरेटरांचे संच विकले; पेनसिल्व्हेनियात हवा कोंबणारे सुपरचार्जर निघाले; दक्षिण कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथे जो व्हिटोनी यांनी झिजलेल्या व्हॉल्व्हची नळकांडी बदलून देण्यापासून आरंभ केला आणि पाहता पाहता शर्यतीच्या गाड्यांपर्यंत मजल गेली. खुद्द कारखान्याने तरी काय केले? बाह्य आकार तोच ठेवून आतले सुटे भाग वर्षानुवर्षे बदलले; १२०० चे १३००, १५००, १६०० झाले. १९७२ मध्ये फोर्डच्या टी मॉडेलचा दीड कोटींचा विक्रम मागे पडला आणि मेक्सिकोतील पुएब्ला येथे २००३ च्या जुलैत शेवटची गाडी बाहेर पडली, तेव्हा एकूण संख्या दोन कोटी पंधरा लाखांच्या पुढे गेली होती. यांतली मूळ संहिता कोणती आणि पाठभेद कोणता, हे सांगणे पाठचिकित्सकालाही अवघड जावे.

फ्रेस्नोतल्या ज्या वर्कशॉपात प्राध्यापक अखेर गेले, त्याचा मालक पुएब्लाचाच. तिकडे या गाडीला 'वोचो' म्हणतात. प्राध्यापक त्याला कारागिराला साजेसे 'माएस्त्रो' म्हणत आणि तो त्यांना 'प्रोफेसर'. वर्कशॉपातल्या तरुणांनी लागलीच १९१५ घनसेंटिमीटरचा बेत मांडला: ९४ मिलिमीटरचे पिस्टन, दोन मोठे वेबर कार्ब्युरेटर, शक्ती तिप्पट. माएस्त्रोने ते ऐकून घेतले आणि गाडीला हात न लावता विचारले, "प्रोफेसर, तुम्हाला वर चढायचं आहे की दुसऱ्याला मागं टाकायचं आहे?"

या प्रश्नात सगळे शास्त्र सामावलेले होते. इंधनातल्या उष्णतेचा लहानसाच वाटा चाकांपर्यंत जातो. उरलेली सगळी कोठेतरी टाकावी लागते. पाण्याच्या गाडीत ती काही काळ पाण्यात उधार ठेवता येते. हवेच्या गाडीत उधारी नाही. एक पंखा, त्याला फिरवणारा एक पट्टा, वाऱ्याला सिलिंडरांभोवती वळवणारे पत्रे, आणि अडीच लिटर तेल. एवढ्यावर रोखीचा व्यवहार. जुन्या इंजिनात तेल थंड करणारी जाळी पंख्याच्या आवरणाच्या आत, नेमकी तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभी केलेली असे. त्यामुळे त्याच्या वाट्याला वारा कमी आणि तोही तापलेला येई. प्राध्यापकांच्या गाडीचा या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह १९७६ मध्ये याच चढावर जळाला होता. १९७१ च्या मॉडेलपासून कारखान्याने ती जाळी मागे सरकवून तिला स्वतंत्र घर दिले. अमेरिकन मेकॅनिक त्याला 'डॉगहाऊस' म्हणतात. माएस्त्रोने निवड केली ती त्या पिढीच्या १५८४ घनसेंटिमीटर इंजिनाची. पन्नास अश्वशक्ती, अधिक नाही.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काश्मिरात बसून औचित्याची चर्चा केली, ती काव्याच्या संदर्भात. अलंकार जागेवर नसेल तर तो हास्यास्पद होतो, हा तिचा गाभा. मोठे कार्ब्युरेटर हा असाच अलंकार आहे. तो बसवला की त्याला शोभणारा एक्झॉस्ट हवा. तशा एक्झॉस्टपायी बहुधा गाडीत ऊब आणणाऱ्या पेट्या काढून टाकल्या जातात. मग हिवाळ्यात काच धुरकटते आणि चालक आपल्याच श्वासाने आंधळा होतो. पिस्टन फार मोठे केले तर मॅग्नेशियमच्या हलक्या कवचातून बोल्टांचे आटे उपटून येऊ लागतात. आणि एवढे सारे करणारे लोक पत्र्यांच्या फटीतले रबर मात्र बसवीत नाहीत. तापलेला वारा त्या फटींतून परत पंख्याच्या तोंडी येतो. माएस्त्रो म्हणाला, "पैसे सगळे कार्ब्युरेटरवर घालतात. पत्र्यावर कुणी घालत नाही."

त्याने आरंभ केला तो ब्रेकपासून. १९६१ च्या गाडीत चारही चाकांना ब्रेकचे एकच तेल जाते. कोठेही एक नळी फुटली की पायाखाली काही उरत नाही. आधी दुहेरी सिलिंडर आला, पुढल्या चाकांना डिस्क आल्या. मग सहाच्या जागी बारा व्होल्ट, म्हणजे डायनॅमोपासून दिव्यांपर्यंत सारे. नव्या इंजिनाचे फ्लायव्हील मोठे, ते जुन्या गिअरबॉक्सच्या तोंडाशी अडते. तेथे आतून धातू घासून जागा करावी लागली. मागचा आस वळणावर चाक आत दुमडू शकणाऱ्या जुन्या पद्धतीचा. त्याच्याखाली एक आडवी कमान बसली. या सगळ्यास तीन महिने लागले. इंजिन उतरवायला मात्र अर्धा तासही लागला नाही. ते चार बोल्टांवर अडकवलेले असते, हे प्राध्यापकांनी इतक्या वर्षांत कधी पाहिले नव्हते. रिकाम्या जागेकडे ते थोडा वेळ पाहत राहिले. जुने इंजिन त्यांनी घरी आणले, तेल घालून गॅरेजात लाकडी चौकटीवर ठेवले आणि वर बाईंची एक सुती चादर घातली. शुद्धिवादी याला तडजोड म्हणतील. म्हणोत.

गाडी ताब्यात देताना माएस्त्रोने तेलाचे तापमान दाखवणारे नवे घड्याळ दाखवले आणि एक सूचना केली. "चढावर इंजिनाला ओढायला लावू नका. ते कण्हायच्या आधीच गिअर खाली आणा. फेरे वाढले की पंखा जोरात फिरतो, वारा वाढतो. लोकांना वाटतं फेरे वाढले की इंजिन तापतं. हवेच्या गाडीत ओढाताणीनं तापतं."

प्राध्यापकांनी ही गोष्ट त्याला पुन्हा सांगायला लावली. मग १९७६ मध्ये तो व्हॉल्व्ह जळाला तेव्हा गाडी कोण चालवत होते, ते त्यांनी आपण होऊनच सांगितले. माएस्त्रोने खांदे उडवले. त्याच्या दृष्टीने ती जुनी दुरुस्ती होती.

पुढच्याच शनिवारी मुलगी शेजारी बसली आणि दोघे दक्षिणेला निघाले. ग्रेपव्हाइनच्या पायथ्याशी गाडीने चौथ्या गिअरमध्ये ताशी पंचावन्न मैल सहज राखले. आवाज निराळा होता, थोडा जाड. मुलीने तसे म्हटलेही. वळण आले. इंजिनाने काही मागितले नव्हते, फक्त तेलाच्या घड्याळाचा काटा हळूहळू वर सरकू लागला होता. प्राध्यापकांनी वेग पन्नासच्या खाली येऊ दिला, क्लच दाबला आणि तिसरा गिअर टाकला. मागचा पंखा मोठ्याने घोंगावू लागला.

"बाबा, अजून गरज नव्हती," मुलगी म्हणाली.

"हो," ते म्हणाले. काटा थांबला होता. खिंडीच्या माथ्यापर्यंत त्यांनी गिअर बदलला नाही.