भाचीला 'तुंबाड' दाखवू का?

सप्टेंबर 2024 मध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरला लागला आणि 2018 मध्ये तो न बघितलेल्या सगळ्यांना एकदम जाग आली. माझ्या भाचीच्या वर्गालाही. ती नववीत, वय 14. वर्गातल्या दोघांनी मोठ्या भावांच्या फोनवर बघितला होता आणि आता मधल्या सुट्टीत ते इतरांना हस्तरची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होते. भाचीला ती ऐकायची नव्हती, बघायची होती.

ताईचा फोन आला. "तू बघितलायस ना तो? मग तूच सांग, हिला दाखवायचा का नाही. मला असलं बघवत नाही. आणि हे म्हणतात, त्यात काय, भुताचा तर आहे."

मी म्हटलं, "दोन दिवस दे, सांगतो."

माझं काम सॉफ्टवेअरचं. रोजचा दिवस याच प्रश्नात जातो: हे रिलीज करायचं का नाही? त्यामुळे ताईचा प्रश्न मी अगदी कामासारखा घेतला. शुक्रवारी रात्री वाकडच्या फ्लॅटवर सिनेमा पुन्हा लावला, शेजारी लॅपटॉपवर एक शीट उघडली. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात काय घडतं, तिसऱ्यात प्रकार, चौथ्यात रंग. हिरवा म्हणजे चालेल, पिवळा म्हणजे बोलावं लागेल, लाल म्हणजे नको.

प्रकार ठरवायला मी आधी नियम वाचले. 1952 च्या कायद्यानुसार आपल्याकडे सुरुवातीला यू आणि ए एवढेच मुख्य शिक्के होते. 1983 मध्ये मधला यूए आला. कित्येक वर्षं या एकाच यूएच्या पोत्यात सहावीतला मुलगा आणि अकरावीतला मुलगा एकत्र कोंबलेले होते. 2023 ची कायदादुरुस्ती आणि 2024 चे नियम आल्यावर त्याचे तीन भाग झाले: 7+, 13+ आणि 16+. ओटीटीसाठी असे वयोगट 2021 च्या नियमांतच आले होते. त्यात काय तपासायचं याचे कप्पेही आहेत: हिंसा, नग्नता, लैंगिकता, भाषा, नशा, मुलं अनुकरण करतील असं वागणं आणि भीती. यूएचं वय हा पालकांसाठी सल्ला असतो, दारावरचा पहारेकरी नव्हे. ए मात्र थिएटरात सरळ बंदी आहे, आईबाप सोबत असले तरी.

अमेरिकेत उलटं आहे. तिथे 'आर' शिक्क्याचा सिनेमा 17 च्या आतलं मूल मोठ्यांसोबत बघू शकतं. त्यांच्याकडेही मधला शिक्का उशिराच आला. 1984 मध्ये 'ग्रेमलिन्स' आणि इंडियाना जोन्सचा 'टेम्पल ऑफ डूम' बघून पालक चिडले, तेव्हा पीजी-13 सुरू झालं. मला सगळ्यात मजेशीर वाटलं ते 'द कॉन्ज्युरिंग'चं. 2013 चा तो सिनेमा पीजी-13 मिळेल अशा बेतानेच बनवला होता. शिव्या, नग्नता, रक्ताचे पाट असलं काही नाही. तरी त्याला आर मिळाला. कारण सोपं होतं, तो फार घाबरवतो. अमुक एक दृश्य कापा म्हणजे काम होईल, असंही सांगता येईना. भीती कुठल्याच एका फ्रेममध्ये नव्हती, ती सगळीकडे पसरलेली होती.

हे वाचून मी माझ्या शीटकडे संशयाने बघायला हवं होतं. बघितलं नाही.

शीट भरत गेलो. सुरुवातीलाच विनायकची आई आणि वाड्यातले म्हातारे सरकार यांचं दृश्य, लाल. तेवढं पुढे ढकलता येईल. पुढे विनायक मोठा झाल्यावर त्याची रखेल, पिवळं. विहिरीच्या तळाशी गर्भासारखी लालभडक गुहा, कणकेची बाहुली, ती खायला खाली उतरणारा हस्तर, त्याच्या लंगोटीतून पडणाऱ्या सोन्याच्या मोहरा. भीतीदायक, पण पुराणातल्या गोष्टीसारखं. पिवळं. अखेरीस मुलगा पांडुरंग बापाने पुढे केलेली ती लंगोटी नाकारतो. त्यापुढे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हिरवा! हेच तर दाखवायचंय."

कारण सिनेमाचा शेवटचा भाग खरं तर एका पोराला काय दाखवावं याबद्दलच आहे. 1947 साल, पांडुरंगही साधारण 14 चा. बाप त्याला दोरावरून उतरण्याचा सराव देतो, पाठ करून घेतो, चुकला की मारतो. आपण जे केलं ते याला कधी दाखवायचं, हा विनायकचाही प्रश्न आहे. फक्त त्याच्या उत्तरात पोराची काळजी कुठे नाही, हाव आहे. मला हे इतकं आवडलं की मी मनातल्या मनात भाचीशी सिनेमानंतर करायच्या चर्चेचे मुद्देसुद्धा काढले.

शिवाय माझा स्वतःचा अनुभव होताच. मी साधारण 12 वर्षांचा असताना मित्राच्या घरी '13बी' बघितला होता. माधवनचा, 2009 चा. त्यातल्या कुटुंबाच्या आयुष्यात जे घडणार ते टीव्हीवरच्या मालिकेत आधी दिसतं. भूत वाड्यात असतं तर मला काही वाटलं नसतं, आमच्याकडे वाडा नव्हता. टीव्ही होता. रात्री बंद टीव्हीच्या काळ्या काचेत हॉल दिसायचा आणि त्या हॉलमध्ये मी. मी दोन-तीन महिने झोपायच्या आधी टीव्हीवर चादर टाकत होतो. बाबांच्या ते लक्षात आलं. ते रागावले नाहीत, हसले. मग एका रविवारी जेवायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी तो किस्सा सांगितला. सगळे हसले, मीही हसलो. त्या रात्रीपासून मी चादर टाकणं बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलो. भीती काही गेली नव्हती, ती दिसू द्यायची नाही एवढं शिकलो होतो.

त्याच सुमारास मी गावच्या वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणायचो. वय कुणी विचारलं नाही. पुस्तकावर शिक्का नसतो. उलट पोरगं वाचतंय म्हणून कौतुकच. 'तुंबाड' ज्यांच्या गोष्टींवरून सुचला ते हेच धारप. पुस्तकातली भीती मात्र मला झेपली, कारण पान मिटायचं माझ्या हातात होतं. यावरून मी निष्कर्ष काढला की भीती वाईट नसते, एकट्याने आणि न थांबवता येणारी भीती वाईट. तेव्हा मोठं माणूस शेजारी हवं, रिमोट पोरीच्या हातात हवा, दिवसा बघायचं आणि कुणी हसायचं नाही.

ताईला फोन करून सांगितलं, "दाखवू. दिवाळीत मी येतो, माझ्यासोबत बघेल. एकच दृश्य आहे, ते पुढे ढकलू."

दिवाळी ताईकडे साधीच होती. तिच्या सासूबाई जूनमध्ये गेल्या होत्या, वर्षाच्या आत म्हणून फराळ आमच्याकडूनच नेला. कंदील नव्हता. दाजींना दुकान होतं. दुपारी तीनला पडदे न ओढता आम्ही बसलो. मी, भाची, आणि "मी नुसती इथे बसून भाजी निवडते" म्हणत ताई. तिने ठरलेला भाग पुढे ढकलला, रिमोट भाचीच्या हातात दिला आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

मग तो प्रसंग आला. विनायकचा धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन बाहेर पडते आणि विनायक घरात एकटा उरतो. आतल्या खोलीत साखळीने बांधलेली म्हातारी आहे. तिला भरवायचं काम त्याच्यावर आलंय. अंधारात ती घोरतेय, गुरगुरतेय. आणि एक पोरगा हातात जेवण घेऊन त्या दाराकडे चाललाय.

भाची हलेना. दचकून किंचाळणं वेगळं असतं, ते मी शीटमध्ये मोजलं होतं. ही नुसती गप्प झाली होती. रिमोट हातात होता, पण बोटं दाबत नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं आणि पोटात खड्डा.

ताईच्या सासूबाई शेवटचे आठ महिने अंथरुणावर होत्या. पॅरालिसिसचा झटका आला होता, नंतर माणसंही ओळखेनाशी झाली. ताई बँकेत, दाजी दुकानात. शाळेतून आल्यावर आजीला मऊ भात भरवायचं काम भाचीकडे होतं. हे मला माहीत होतं. मी स्वतः फोनवर तिला "शहाणी गं बाई" म्हटलं होतं. आणि माझ्या शीटमध्ये या दृश्यापुढे काय लिहिलं होतं? "म्हातारी. मेकअप भारी. पिवळं."

मी रिमोट घेऊन थांबवलं. पडद्यावर अर्धं उघडलेलं दार राहिलं.

"बंद करू या?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी पण असाच आवाज काढायची. आणि हात धरायची. धरला की सोडायचीच नाही."

मेथी निवडायचा आवाज थांबला.

"मला वाटायचं, आज तरी ती झोपलेली असू दे. मग मी न भरवताच ताट परत आणायचे. दोनदा आणलं. तुला सांगितलं, जेवली म्हणून."

ताई म्हणाली, "मला कधी बोलली नाहीस ते."

"तू आल्यावर दमलेली असायचीस. आणि सगळे म्हणायचे, किती सेवा करते पोर."

मला माझी चादर आठवली. बाबांनी हसून माझं तोंड बंद केलं होतं. आम्ही हिचं कौतुक करून बंद केलं होतं.

ताई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. हात मेथीने हिरवे झालेले, तसेच तिने पोरीच्या पाठीवर ठेवले. म्हणाली, "मलापण भीती वाटायची. रात्री त्यांनी हाक मारली की मी पाच मिनिटं तशीच पडून राहायचे." मग दोघी रडल्या. मी टीपॉयवरची चकली उचलली आणि परत ठेवली.

थोड्या वेळाने भाचीनेच विचारलं, "ती म्हातारी कोण आहे? खरी बाई आहे?"

हे मला माहीत होतं. "मुलगा आहे. मोहम्मद समद. लहानपणी 'गट्टू' सिनेमात होता ना, तो. याच सिनेमात पुढे विनायकचा मुलगा होतो, तोच. तोंडावर सगळं प्रोस्थेटिक चढवलंय."

"म्हणजे पोरगाच आहे आत?"

"पोरगाच."

तिने रिमोट परत मागितला. थोडं मागे नेऊन ती खोली पुन्हा बघितली, आवाज बंद करून. मग एकदा आवाज ठेवून. मग म्हणाली, "आज बास."

रात्री परत येताना बसमध्ये मी शीट उघडली. पुसून टाकावी असं वाटलं, पण तशीच ठेवली. नियमांचे कप्पे चुकीचे नाहीत. ते मला माहीत नसलेल्या लाखो पोरांसाठी बनवलेत, आणि अनोळखी पोरासाठी तेवढंच करता येतं. चूक माझी. मी ओळखीच्या पोरीला अनोळखी धरून टेस्ट केलं. सिनेमाच्या सगळ्या मिनिटांची नोंद होती, पण तिच्या आठ महिन्यांसाठी एकही रकाना नव्हता. ताईला फोनवर मी "काय काय आहे त्यात" हे सांगितलं, "तुमच्याकडे सध्या काय चाललंय" हे विचारलं नाही. तो एक प्रश्न विचारला असता तर मी नको म्हटलं असतं का? बहुतेक म्हटलं असतं. मग ते ताटाचं कुणाला कधी कळलं असतं, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. त्या दुपारी जे झालं ते बरं झालं, म्हणून माझा निर्णय बरोबर होता असं मी म्हणणार नाही. एखादा बग प्रॉडक्शनमध्ये जाऊन नशिबाने काही बिघडलं नाही, तर टेस्टिंग नीट झालं होतं असं आपण म्हणत नाही.

आता कुणी विचारलं की अमुक हॉरर पोरांना दाखवू का, तर मी आधी पोराबद्दल विचारतो. घरात कुणी आजारी आहे का, कुणी गेलंय का, झोप कशी आहे, एकटं कधी असतं. सिनेमाबद्दल नंतर. लोकांना हे जरा आगाऊ वाटतं. त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं असतं.

भाची आता दहावीत आहे. माझ्या प्रोफाइलवर 'तुंबाड' अजून अर्धवट बघितलेल्यांच्या यादीत आहे, खालची रेघ जेमतेम पाव भरलेली. मी तो काढलेला नाही. परवा तिने विचारलं, "मामा, तो मुलगा शेवटी वाचतो का?"

मी म्हटलं, "सांगू का बघणारेस?"

"बोर्ड झाल्यावर सांगते," म्हणाली.